सहाव्या प्रश्नातले गृहस्थ

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. सगळ्यात आधी माफी मागतो. तुझं पत्र येऊन आज एक्कावन्न दिवस झाले (कॅलेंडरवर रोज खूण केली आहे, तेव्हा मी विसरलो असं तुला म्हणता येणार नाही) आणि उत्तर लिहायला मी आज बसतो आहे. तू एकच गोष्ट विचारली होतीस आणि आठ दिवसांत कळव म्हणाला होतास. उशिराचं कारण सांगितलं तर तुला खोटं वाटेल, पण खरं तेच लिहितो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका पाकिटात घालून, पाकिटावर लाखेचा शिक्का मारून, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेलं होतं आणि परीक्षा होईपर्यंत ते कुणालाच बघता येत नव्हतं. हे कसं झालं ते क्रमाने लिहितो. मात्र हे पत्र एका जागी बसून वाच. जिना चढत वाचू नकोस, आणि जमलं तर पाय स्टुलावर घे.

‘तिकडे सर्व खुशाल असेल’ असं सवयीने लिहून मी वरच्या कोपऱ्यात खोडलं आहे, ते तुला दिसेलच. खुशाल नाही हे तूच कळवलंस, मग मी कोण लिहिणार. वहिनींना नमस्कार सांग. (नको, सांगू नकोस. मग पत्र आल्याचं त्यांना कळेल आणि काय लिहिलंय म्हणून विचारतील.) माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. चिरंजीव कामानिमित्त बाहेरगावी असतो, घरात मी आणि सूनबाई, दोघांचं बरं चाललंय. तक्रार आहे ती फक्त चपलेची. हल्ली चपला कशाच्या करतात कोण जाणे. सकाळी पायात नीट बसते तीच चप्पल संध्याकाळी बसत नाही. दुकानदाराला मी दोनदा जाऊन सुनावलं. तो म्हणाला, आजोबा, एक नंबर मोठी घ्या. मी म्हटलं, या वयात माझा पाय वाढतोय होय रे? शेवटी मोठी घेतली, पण लोक फसवतात हेच खरं.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तू लिहिलं होतंस की संध्याकाळी पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगल्यासारखं होतं, एक जिना चढला की धाप लागते आणि झोपताना दोन उशा लागतात. आणि शेवटी लिहिलं होतंस, ‘वयाने होतं, जाईल आपोआप, पण तुझी सून शरीरशास्त्र शिकवते, तिला आडून विचार. आईची शपथ, माझं नाव कुणाला कळता कामा नये.’ दादा, ती शपथ तू घातली नसतीस तर हे पत्र पन्नास दिवस आधी तुझ्या हातात पडलं असतं. पण तुझी सवयच ती. लहानपणी झाडावरून पडून तुझा हात मोडला तेव्हाही मला शपथ घातली होतीस आणि मी दोन दिवस तुला भरवत होतो. तो हात अजून वाकडाच आहे. तेव्हाही उशीर माझ्यामुळेच झाला असं सगळे म्हणाले.

सूनबाईंना आडून विचारायचं म्हणजे काय, ते कळायला आधी बरण्यांचं प्रकरण सांगावं लागेल. तुला माहीत आहे की सूनबाई शिकवतात त्याच शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं परिचर होतो. सहावीतून शाळा सुटलेला माणूस, पण त्या खोलीत मला मान होता. सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसणं, सांगाड्यावरची धूळ झटकणं (मुलं त्याला जुने हेडसर म्हणतात) आणि मुख्य म्हणजे औषधाच्या पाण्यातले नमुने सांभाळणं हे माझं काम. प्रात्यक्षिक परीक्षेला त्या बरण्या मी टेबलावर ओळीने मांडायचो आणि मुलांनी बघून नाव लिहायचं. मेंढीचं हृदय निळ्या झाकणाच्या बरणीत, मूत्रपिंड कडेला टवका उडालेल्या झाकणाच्या बरणीत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, जाताना सगळं स्वच्छ करून जावं म्हणून मी झाकणं धुतली. आणि लावताना ती अदलाबदल झाली. दादा, बावन्न मुलांपैकी अडतीस जणांनी मूत्रपिंडाला हृदय लिहिलं आणि हृदयाला मूत्रपिंड. काचेतून आतला अवयव ढळढळीत दिसत होता, हृदय हृदयासारखं होतं, पण कुणी बघितलंच नाही. सगळ्यांनी झाकण बघितलं. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना झाकणंच शिकवून ठेवली होती. बाहेरून आलेले परीक्षक डोक्याला हात लावून बसले. मला कुणी रागावलं नाही, पण निरोप समारंभात माझ्याबद्दल बोलायला उठलेल्या सरांना हसू आवरेना आणि ते खाली बसले. एकतीस वर्षांच्या नोकरीचं भाषण तेवढंच झालं.

(खरं सांगायचं तर मलाही झाकणांवरूनच ओळखता यायचं. हे तुझ्यामाझ्यात.)

सूनबाई तेव्हा त्या शाळेत नवीन लागल्या होत्या, आपल्या घरात यायच्या होत्या. शाळेतल्या सगळ्यांसारखं त्याही मला मामा म्हणायच्या. लग्नानंतर बाबा म्हणायला त्यांना सहा महिने लागले. त्या झाकणांच्या परीक्षेचा त्यांनी इतका धसका घेतला की तेव्हापासून पाठांतराचे पेपर काढणंच सोडलं. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यात विचार करण्याच्या सहा पायऱ्या आहेत, जिन्यासारख्या काढलेल्या. पहिली पायरी आठवण्याची, दुसरी समजण्याची, तिसरी समजलेलं वापरण्याची, चौथी एखादी गोष्ट सुटी करून बघण्याची, पाचवी बरोबर की चूक हे पारखण्याची आणि सहावी स्वतःच्या डोक्याने काही नवीन रचण्याची. पेपरातल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्या समासात पायरीचा आकडा टाकतात. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, ही पहिली पायरी. तीन. हे मला येतं. तीनच का, चार असते तर काय झालं असतं, हे वरच्या पायऱ्यांवर, आणि तिथे मला धाप लागते. मी पहिल्या पायरीवरचा माणूस आहे दादा, आणि तू दुसरीवरचा असशील, मॅट्रिक झालास म्हणून. वर कोण राहतं कुणास ठाऊक.

तर झालं असं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सूनबाई सहामाहीचा पेपर काढत होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेले, चष्मा डोक्यावर, आणि तोंडाने चाललेलं, रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण पाहिजे, सहाही पायऱ्या बसतील असं पाहिजे. मला वाटलं हीच वेळ. मी पाण्याचा तांब्या भरता भरता, अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, समजा एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत, त्यांचे संध्याकाळी पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली सूज, जिना चढलं की धाप, झोपायला दोन उशा. तर असं का होत असेल? मी तांब्या भरतच राहिलो आणि पाणी ओट्यावरून खाली आलं. सूनबाईंचा चेहरा असा उजळला की लग्नातही तेवढा उजळला नव्हता. वा बाबा, म्हणाल्या, काय सुंदर केस दिलीत! आणि लिहायला लागल्या. मी म्हटलं, पण उत्तर काय? तर पेन ओठावर ठेवून म्हणाल्या, ‘बाबा, आता हा प्रश्न पेपरात जाणार. उत्तर परीक्षेनंतर.’ मी म्हटलं, मी कुणाला सांगणार आहे? झाकणांचं प्रकरण त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी तुझा आजार पाकिटात जाऊन त्यावर शिक्का बसला. परीक्षा दहा दिवसांवर होती. मी म्हटलं दहा दिवस दादा कळ काढेल. पण परीक्षा पुढे गेली, कारण सभागृहातले बाक रंगवायला काढले आणि रंग वाळेना. मग नवी तारीख आली तर वर्गात गालगुंडाची साथ. निम्मी मुलं गळ्याला फडकी बांधून घरी. मी रोज सूनबाईंना विचारायचो, परीक्षा कधी? त्या शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायच्या की आमच्या सासऱ्यांना अजून शाळेची किती ओढ आहे. आणि मी इकडे मनात मोजत होतो की दादाच्या पायावर अजून किती पाणी चढलं असेल. एकदा वाटलं, दुसऱ्या कुणाला विचारावं. औषधांच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, पेशंट कुठाय? मी म्हटलं, पेशंट पेपरात आहे. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

एकदाची परीक्षा झाली. एक्केचाळीस मुलं बसली. उत्तरपत्रिका घरी आल्या आणि नेहमीप्रमाणे गुणांची बेरीज पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं (बेरीज ही पहिली पायरी, म्हणून ते मला देतात). मी दार लोटून घेतलं आणि आधी प्रश्नपत्रिका वाचली. सहावा प्रश्न तू आहेस. ‘एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचे’ अशी सुरुवात आहे आणि खाली सहा पोटप्रश्न. पहिला, शरीरातलं नको ते पाणी बाहेर टाकणाऱ्या अवयवाचं नाव लिहा. दुसरा, सूज आधी पायांवरच का दिसते. तिसरा, या गृहस्थांच्या रोजच्या वागण्यात तुम्ही कोणता बदल कराल. चौथा, कोणकोणत्या अवयवांत बिघाड असू शकेल, आणि नक्की कुठला ते कसं ओळखाल. पाचवा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘हे गृहस्थ म्हणतात, वयाने होतं, जाईल आपोआप. त्यांचं म्हणणं योग्य की अयोग्य ते सकारण लिहा.’ तुझं वाक्य जसंच्या तसं! ते मी बोललो कधी ते मला आठवत नाही. तांब्या वाहत होता तेव्हा तोंडातून गेलं असावं. सहावा, या गृहस्थांना समजेल अशा भाषेत त्यांना पत्र लिहा.

मग मी बेरीज बाजूला ठेवली आणि एक्केचाळीस जणांनी तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचत बसलो. ते जसंच्या तसं कळवतो, कारण तू म्हणाला होतास की लपवू नकोस. तिसऱ्या पोटप्रश्नात एकाने लिहिलंय की गृहस्थांनी जिना नसलेल्या घरात राहावं. एकीने लिहिलंय की त्यांची एक उशी काढून घ्यावी म्हणजे एकच लागेल. एकाने तुझं चित्र काढलं आहे, पाय हत्तीसारखे, बाणाने ‘सूज’ असं दाखवलंय; त्याला नीटनेटकेपणाचा अर्धा गुण मिळाला. पाचव्यात जवळजवळ सगळ्यांनी अयोग्य लिहिलं. एकाने कारण दिलंय, ‘कारण हे गृहस्थ हट्टी आहेत.’ मी त्याला पूर्ण गुण दिले असते, पण तो अधिकार माझा नाही. आणि एकाने फक्त एक ओळ लिहिली आहे, ‘उपचार न केल्यास हे गृहस्थ मरतील.’ पुढे लाल पेनाने बरोबरची खूण आणि एक गुण. मी ते पान हातात धरून स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, हा गुण कशाचा? सूनबाई कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, ‘थोडक्यात लिहिलंय, पण तर्क बरोबर आहे बाबा.’ मी परत येऊन बसलो. बराच वेळ मला कुणाचीच बेरीज जमेना.

मग मी ठरवलं की एकेकाचं ऐकून घाबरण्यापेक्षा सगळ्यांचं मत घ्यावं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि चौथ्या पोटप्रश्नाची मोजणी केली. हृदय म्हणणारे सतरा, मूत्रपिंड म्हणणारे चौदा, यकृत पाच, फुप्फुस दोन, ‘वय’ असं लिहिणारे दोन (हे तुझ्या बाजूचे) आणि एकाने जागा कोरी सोडली. म्हणजे हृदय तीन मतांनी पुढे. मी तुला तसं पत्र लिहायलाही घेतलं की दादा, बहुमत हृदयाकडे आहे. एवढ्यात मला आठवलं की हीच ती शाळा, जिथे अडतीस मुलांनी मूत्रपिंडाला हृदय लिहिलं होतं. मुलं वेगळी आहेत, पण धाक बसतो. पत्र फाडलं.

त्यात पुन्हा आदर्श उत्तराचा कागद सापडला, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. त्या कागदाप्रमाणे चौथ्या पोटप्रश्नाला पैकीच्या पैकी गुण कुणाला मिळाले म्हणतोस? फक्त तिघांना. आणि तिघांनीही हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही लिहून (माझ्या मोजणीत जे नाव आधी ते धरलं होतं) पुढे लिहिलं आहे की एवढ्या माहितीवरून नक्की सांगता येत नाही. लघवी तपासावी, रक्त तपासावं, रक्तदाब बघावा, घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का आणि तो भरायला किती वेळ लागतो ते पाहावं. मी सूनबाईंना म्हटलं, हा कुठला न्याय? आमच्या वेळी सांगता येत नाही म्हणणाऱ्याला बाकावर उभं करायचे, आणि तुम्ही पैकीच्या पैकी देता? त्या म्हणाल्या, ‘बाबा, झाकण बघून सांगायचं नाही एवढंच त्यांना समजलंय. वरच्या पायरीवरचं उत्तर आहे ते.’ दादा, इतके दिवस मी ज्या पाकिटाची वाट बघितली त्यात हे निघालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की उत्तर पेपरात नाही. बरणी उघडून बघावी लागणार.

आता एका मुलीच्या पत्राचं सांगतो आणि संपवतो. शेवटच्या बाकावरची मुलगी आहे, पहिल्या तीन पोटप्रश्नांत जवळजवळ काही नाही, अक्षर मुंग्यांसारखं. पण सहाव्यात तिने लिहिलंय ते उतरवून देतो. ‘आजोबा, तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही वय म्हणता. माझे आजोबापण असंच म्हणायचे. लघवी तपासताना दुखत नाही, छोटी बाटली देतात. रक्त काढताना दुसरीकडे बघायचं. तुम्ही आत जा, मी बाहेर बाकावर बसते, तुमची पिशवी धरते. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी कुठे जाणार नाही.’ एवढंच. शास्त्रीय शब्द एकही नाही म्हणून पाचपैकी दोन गुण. ‘म्हणायचे’ असं लिहिलंय तिने, ते मी चारदा वाचलं. मग तिच्या पेपरची बेरीज करताना माझ्याकडून एक गुण जास्त धरला गेला. चूक झाली. लक्षात आली. तशीच राहू दिली. एकतीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं.

तेव्हा दादा, शपथ-बिपथ पुरे झाली. वहिनींना सांग, मुलांना सांग, आणि उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. तिथे ‘वयाने होतं’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. एक्केचाळीस मुलांनी ते तपासलेलं आहे. मला स्वतःसाठी काही नको. मी ठणठणीत आहे, हे फक्त तुझ्यासाठी लिहितोय.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची टाळली. कॅलेंडरच्या मागची ती मोजणी काल सूनबाईंच्या हाती लागली. म्हणाल्या, ‘बाबा, हे काय मतदान मांडलंय? आणि हे गृहस्थ कोण, खरं सांगा.’ आईची शपथ असल्यामुळे मी गप्प बसलो. त्या माझ्या नव्या चपलेकडे बघत राहिल्या, दाराशी काढून ठेवली होती तिच्याकडे. आता त्यांच्या डोक्यात बसलंय की सहाव्या प्रश्नातले गृहस्थ म्हणजे मीच. नाही म्हणावं तर मग कोण ते सांगावं लागेल. तेव्हा सोमवारी सकाळी दहा वाजता त्या मला मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत आणि तुझ्या परीक्षेला तुझ्या जागी मी बसणार आहे. शाळेत असताना तुझ्या जागी मी एकदा फक्त कवायतीला उभा राहिलो होतो, तेव्हाही पकडला गेलो होतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि पुन्हा उघडलं, म्हणून कडेला फाटलंय. आत्ताच सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, बाबा, पाय पुढे करा. मी बिनधास्त केला, म्हटलं पाय माझा असला तरी आजार दादाचा आहे, बघू दे काय बघायचं ते. त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि काढला. दादा, खड्डा पडला. मळलेल्या कणकेत बोट दाबावं तसा. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो आणि मी सवयीने मोजायला लागलो. भरेपर्यंत सव्वीस झाले. सूनबाईंनी माझा पाय हळूच खाली ठेवला आणि आत जाऊन उगाचच भांडी लावत बसल्या. मला त्या चपलेच्या दुकानदाराची आठवण झाली. त्याला मी भलतंच बोललो.

आता खरं ते लिहितो. मी कधीच कुठे पहिला गेलो नाही. शाळेत तू आधी गेलास, पोहायला तू आधी उतरलास, दात काढायला तू आधी बसलास आणि बाहेर येऊन म्हणालास की काही होत नाही, तेव्हा मी आत गेलो. (झालं होतं. पण तू म्हणालास म्हणून गेलो.) तर रविवारपर्यंत इकडे निघून ये. सोमवारी दोघं जाऊ, तू आधी आत जा, मी बाहेर बाकावर तुझी पिशवी धरून बसतो, मग उलट करू. येणं होत नसेल तर तिकडेच सोमवारी दहा वाजता जा, म्हणजे तू बाजूच्या खोलीत आहेस असं धरून मी इथे आत जाईन.

आणि हे वाचून झालं की लगेच, वहिनींसमोर, घोट्याच्या वर अंगठा दाब आणि मोज. शाळेत दरवेळी तुझे गुण माझ्यापेक्षा जास्त असायचे. या एका परीक्षेत माझे जास्त येऊ देत. बाकी काही लिहू नकोस, पोस्टकार्डावर नुसता आकडा टाक, पण लवकर टाक.